मार्लकोटचं राहिलेलं पान

इब्राहिमचाचा, तुमचा मार्लकोटचा अंक आलाय. तुम्ही गेलात मंगळवारी आणि तो आला बुधवारी. सलीमने तो नऊ दिवस गल्ल्याखाली ठेवला आणि काल जुम्म्याची नमाज आटोपल्यावर मला खाली बोलावून हातात दिला. "सिस्टर, आता ह्याचा काय करायचा?" म्हणाला. तुमचा हा भाचा दुकानात एरवी सगळ्यांवर डाफरत असतो, काल मात्र त्याला माझ्याकडे बघता येत नव्हतं. अंकाबरोबर त्याने तुमचा बिस्किटांचा पत्र्याचा डबाही दिला. "मामूने बोलून ठेवला होता, डबा सिस्टरला द्यायचा."

मंगळवारी मी ड्यूटीवर होते. फोन लॉकरमध्ये. दुपारी बाहेर येऊन बघते तर सलीमचे सात मिस्ड कॉल. तोवर तुम्हाला सुलैबिखातच्या कबरस्तानात नेऊन ठेवलंसुद्धा. बायका तिथे जात नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी टॅक्सीवाल्याला दोनदा पत्ता सांगितला आणि दोनदा बदलला. शेवटी घरीच आले. वॉर्डात इतक्या माणसांना मी शेवटचं पाणी दिलं, चाचा, आणि तुमच्या वेळी मी कुणा परक्याची ड्रिप बदलत होते. त्याचं वाईट वाटतं, पण ते सहन होण्यासारखं आहे. सहन होत नाही ते दुसरंच. मी दोन वर्षं तुमच्याशी खोटं बोलत होते. एक दिवस सांगीन सांगीन म्हणत राहिले आणि ते राहून गेलं.

आपली ओळखच मुळी वाचण्यावरून झाली. कुवेतमध्ये फहाहीलच्या त्या इमारतीत आम्ही नवीन राहायला आलो होतो आणि मी तुमच्या बकाल्यात, खालच्या किराणा दुकानात, कोथिंबीर घ्यायला आले होते. मराठी ऐकून तुम्ही गल्ल्यामागून मान वर केलीत. "खयच्या गो तुमी?" मी म्हटलं, लातूरच्या. तुमचा चेहराच पडला. "म्हनजे मासली खात नाय." मी म्हटलं, खाते, पण काटे काढून कुणी दिली तर. तुम्ही एवढे हसलात की कोथिंबिरीची जुडी वजन न करताच पिशवीत टाकलीत. आणि मग हळूच विचारलंत, "तुला इंग्रेजी वाचता येते ना? नीट? घाई न करता?"

सलीमलाही इंग्रजी येत होतं. पण तो वाचायचा आणि लगेच म्हणायचा, "काय नाय मामू, कुनाची तरी मांजर हरवलीय." तुम्हाला मांजराचा रंग हवा असायचा.

तेव्हापासून दर महिन्याला एका शुक्रवारी, दुकानामागच्या पाण्याच्या क्रेटवर बसून, मी तुम्हाला मार्लकोट वाचून दाखवत आले. इंग्लंडातलं शे-दीडशे उंबऱ्यांचं ते खेडं. एक चर्च, एक दारूचं दुकान, गावाचा एक हॉल आणि आठवड्यातून दोनदा येणारी एक बस. त्या गावाचा चार कागदांचा, मध्ये पिना मारलेला मासिक अंक कुवेतमध्ये तुमच्या कफीलच्या, म्हणजे दुकान ज्याच्या नावावर त्या अरबाच्या, पोस्टाच्या पेटीत यायचा, कारण डोरामॅडमने तो तुमच्या नावाने सुरू करून दिला होता. विसाव्या वर्षी तुम्ही अहमदीत त्यांच्या बंगल्यावर खानसामा म्हणून लागलात आणि त्या लोकांनी कुवेत सोडलं तोवर तिथेच होतात. नवरा तेलकंपनीत इंजिनियर, आणि ही बाई वाळूत गुलाब लावायची. एकदा थंडीत तुम्ही मला तो बंगला दाखवायला नेलंत. सरळ रस्ता, दुतर्फा कातरलेली झुडपं, बसकी घरं. तुम्ही फाटकापाशी उभे राहून मला स्वयंपाकघराची खिडकी दाखवलीत आणि म्हणालात, "मार्लकोट असाच हाय. फक्त पावूस जास्ती."

कधी न पाहिलेल्या गावाबद्दल इतक्या खात्रीने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तुम्ही त्या गावाचा नकाशा काढला होता. बसस्टॉप चर्चच्या अलीकडे की पलीकडे यावरून आपण तीन शुक्रवार भांडलो, आणि पुढच्या अंकात फोटो आला तर तुमचंच बरोबर निघालं. कोंबड्या कुणाच्या पळतात, कुणाचा भोपळा बक्षिसाला आला, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, सगळं तुम्हाला तोंडपाठ. "गाव म्हनजे गाव गो. आमच्या खाडीवर पन असाच. फक्त तिकडं भोपल्याला बक्षीस मिलते, आमच्याकडं नजर लागते."

एकदा मी आगाऊपणा केला. म्हटलं, "चाचा, मार्लकोटमध्ये कुणाला खोकला झाला ते तुम्हाला कळतं, आणि तुमच्या स्वतःच्या वाडीत कोण आहे कोण नाही याचा पत्ता नाही." तुम्ही चहाचा पेला खाली ठेवलात. मग म्हणालात, "माज्या गावातून कोन मना कागद पाठवते?" पुढचे दोन दिवस मी दुकानात आले की तुम्ही सलीमला पुढे करायचात. मी माफी मागितली नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच वरती सुरमई पाठवलीत, काटे काढलेली. कुणी कुणाची माफी मागायची ते आपल्यात कधी ठरलंच नाही.

वाचायची आपली एक रीत होती. आधी पान तीन. गावात कुणी गेलं असेल तर ते पान तीनवर. मी नाव वाचायचे, तुम्ही "अल्ला रहम करे" म्हणायचात, ख्रिस्ती असो, नसो. मग बाकीचं. मध्येच कुठे डोरामॅडमचं नाव आलं, चर्चमध्ये फुलं मांडली किंवा केक केला म्हणून, की मला थांबवून विचारायचात, "कुठं हाय?" मी बोट ठेवायचे आणि तुम्ही कानावरची पेन्सिल काढून त्या नावाखाली सावकाश रेघ ओढायचात. आणि सगळं संपल्यावर न चुकता एक प्रश्न. "काय राहिला नाय ना वाचायचा?" मी म्हणायचे, नाही चाचा, सगळं झालं. मग अंक डब्यात.

दोन वर्षांपूर्वी तुम्हाला पहिला झटका आला. आमच्याच वॉर्डात होतात. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं, ह्यांना हसायला-रडायला लावू नका. तिसऱ्या दिवशी सलीम अंक घेऊन आला, कारण तुम्ही त्याचं डोकं खाल्लं होतं. मी पलंगाशेजारी बसले, पान तीन उघडलं, आणि पहिल्याच ओळीत डोरामॅडमचं नाव. पुढे काय लिहिलंय ते मी वाचलंही नाही. मॉनिटरवरची तुमची रेघ वर-खाली होत होती आणि तुम्ही डोळे मिटून वाट बघत होतात. मी पान उलटलं. म्हटलं, "चाचा, या वेळी पान तीनवर कुणी नाही."

"चांगला झाला," तुम्ही म्हणालात.

बरे झालात की सांगू, असं ठरवलं होतं. बरे झालात. मग वाटलं, रमजान जाऊ दे. मग म्हटलं, थंडी जाऊ दे. आणि मधल्या काळात खोटं वाढत गेलं, कारण तुम्ही विचारायचं सोडलं नाहीत. मी डोरामॅडमकडून फुलं मांडून घेतली. केक करून घेतले. गुडघा दुखवला आणि बरा केला. तुम्ही "कुठं हाय नाव?" विचारलंत की मी इंग्रजी 'डी'सारखं काहीही दिसेल त्याच्यावर बोट ठेवायचे आणि तुम्ही रेघ ओढायचात. एकदा तुम्ही म्हणालात, "नव्वदीच्या वर गेली ना ती? अजून शिडीवर चडते फुलां लावाया?" मी म्हटलं, चढते की, खाली एक जण शिडी धरतो. तुम्ही हसत सुटलात, हसता हसता खोकला लागला, मी पाठ चोळली. मला वाटलं, किती खूश झाला हा माणूस. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की असं खोटं बोलण्याचं काही पाप लागत नाही.

आणि आमसुलं. दर वर्षी पावसाळा संपायच्या सुमाराला तुमच्या वाडीतून कुणीतरी आमसुलं आणायचं आणि तुम्ही त्यातली किलोभर मॅडमला पाठवायचात, पत्ता मी लिहायचा. दोनदा मी गेलेल्या बाईचं नाव पार्सलवर लिहिलं, चाचा, तुम्ही समोर बसलेले असताना. दुसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, "नावाखाली लिही, सगल्या गावासाठी." मी विचारलं, का हो? तुम्ही म्हणालात, "एकटी म्हातारी किती आंबट खानार?"

काल मी तो डबा उघडला.

सगळे अंक तारखेप्रमाणे लावलेले. सर्वांत खाली डोरामॅडमने अहमदी सोडताना तुम्हाला दिलेली शिफारशीची चिठ्ठी, चाळीसेक वर्षांची, घड्यांवर फाटलेली. तिच्या सहीखाली पेन्सिलची रेघ. म्हणजे तिचं नाव कसं दिसतं हे तुम्ही जन्मभर बघत होतात. त्यासाठी माझ्या बोटाची गरजच नव्हती.

मग मी मागच्या दोन वर्षांतले अंक काढले. एकात तुमची रेघ 'डोनेशन्स', म्हणजे 'देणग्या', या शब्दाखाली आहे. एकात कुणा डेव्हिडच्या नावाखाली. एकात 'ड्रेन्स', म्हणजे 'नाले', या शब्दाखाली, कारण त्या महिन्यात गटारं तुंबली होती आणि मला दुसरा 'डी' सापडला नव्हता. प्रत्येक रेघ पट्टी लावल्यासारखी सरळ. मी दुकानातल्या तांदळाच्या पोत्यावर बसले आणि आधी हसले. मग जे झालं ते सलीमने बघितलं, तुम्हाला सांगायला नको.

आणि तो अंक, दवाखान्यातला. पान तीन. मॅडमच्या नावाखाली रेघ. इथे मी बोट ठेवलं नव्हतं. बाजूला उर्दूत काहीतरी लिहिलेलं होतं, मी सलीमला वाचायला लावलं. "मरहूमा, म्हनजे वारलेली, आनि तारीख हाय," तो म्हणाला. तारीख तुम्हाला वॉर्डातून घरी सोडलं त्या दिवसाची.

"तुला माहीत होतं?" मी सलीमला विचारलं.

"चालिसाव्याला कलला मना. मामूने सांदनं केली, फातिहा दिली. मी विचारला, कोनाची? बोलले, मॅडमची. मी बोललो, मौलवीला विचारायचा ना आधी. तर बोलले, विचारला तर तो नाय म्हनेल, म्हनून नाय विचारला."

ती सांदणं मला आठवतात. नारळाच्या दुधातली, मऊ, एका ताटलीत सहा. सण नव्हता, काही नव्हतं. मी विचारलं होतं, कशाबद्दल? तुम्ही म्हणालात, "असाच. एका जनीची याद आली." मला वाटलं, वारलेल्या चाचींची. मी सहाच्या सहा खाल्ली आणि ताटलीत साखर घालून परत पाठवली, आमच्याकडे रिकामी ताटली परत देत नाहीत म्हणून. डोरामॅडमच्या चाळिसाव्याचं मी जेवले आणि पुढच्या शुक्रवारी तुमच्यासमोर तिला केक करायला लावला.

"मग मला सांगितलं का नाही रे कुणी?"

सलीम म्हणाला, "मी बोललो मामूला, मी वाचून दाखवतो काय लिवलाय त्या पानावर. तर नको बोलले. वाचायचा काम तिचा हाय, ती वाचेल तेव्हा वाचेल. आनि बोलले, तिला खोटा बोलाया जमत नाय, पन मेहनत लय घेते. तिचा मन मोडू नको."

मला वाटत होतं मी तुम्हाला सांभाळतेय. बावीस वर्षं मी नर्स आहे, पेशंट कसा हाताळायचा ते मला शिकवायला नको. आणि तुम्ही दोन वर्षं माझ्यासमोर 'नाले' या शब्दाखाली रेघ ओढत बसलात, माझा चेहरा पडू नये म्हणून. मला तुमचा राग येतो, चाचा. एकदा टोकायचं होतंत. एकदा म्हणायचं होतंत, बास कर. आपण भांडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो, तिसऱ्या दिवशी मासळी आली असती.

पण तुम्ही टोकलंत की. दर महिन्याला. "काय राहिला नाय ना वाचायचा?" आणि मी दर महिन्याला, तुमच्या तोंडाकडे बघत, नाही म्हणाले.

आधी नवा अंक सांगते. हॉलच्या छपरावर वाकलेलं ते लिंबाच्या जातीचं म्हणून मी भाषांतर केलेलं जुनं झाड. मी म्हणत होते तोडा, उद्या छप्पर पडलं तर माणूस मरेल. तुम्ही म्हणत होतात, "झाड आधीचा का हॉल आधीचा?" वर्षभर आपला हा वाद चालला होता आणि मधल्या काळात मार्लकोटवाल्यांतही दोन तट पडून बोलणी बंद झाली होती. निकाल लागला. झाड राहणार, हॉलचा एक कोपरा कापणार. तुम्ही जिंकलात. हसू नका. छप्पर पडलंच तर मी आहेच बोलायला. अंकात 'लाइम' लिहिलेलं असलं तरी ते झाड लिंबाचं नाही हेही मी कधीतरी सांगणार होते, त्या झाडाला मराठीत नावच नाही.

गावजेवणही झालं. तुमची आमसुलं चार घरांत वाटली गेली आणि चौघींनी चार प्रकारे करी केली. एकीची फार आंबट झाली असं छापलंय, नाव न देता. पण गावात सगळ्यांना ठाऊक असणार. पान तीनवर या वेळी खरंच कुणी नाही. मी दोनदा बघितलं.

आता तो दवाखान्यातला अंक. आज शनिवार आहे, आपला वार नव्हे, पण मी दुपारी मागे क्रेटवर येऊन बसलेय. सलीमने काही न विचारता चहा ठेवलाय, दोन पेले. त्या पानावर, चाचा, मॅडमच्या नावाखेरीज अजून एका शब्दाखाली तुमची रेघ आहे. खाली, शेवटच्या परिच्छेदात. तो शब्द तुम्हाला ओळखता येत होता, तुमच्या सिव्हिल आयडीवर तो आहे, दर महिन्याच्या पाकिटावर होता. तो तुमच्या नावाचा शब्द आहे. म्हणजे त्या पानावर तुमच्याबद्दल काहीतरी लिहिलंय हे तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं, आणि काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. फहाहीलमध्ये कुणीही वाचून दाखवलं असतं. तुम्ही माझी वाट बघत राहिलात.

वाचते. घाई न करता.

"पान तीन. डोरा विथम. आपल्या डोरा गेल्या रविवारी सकाळी घरीच, झोपेत गेल्या. तरुणपणी त्या कुवेतमध्ये होत्या आणि वाळूत गुलाब येतो हे आपल्याला पटवून देण्यात त्यांची उरलेली वर्षं गेली. गावजेवणाला दर वर्षी त्या माशाची करी करत. कुणी कौतुक केलं तर म्हणत, करी इब्राहिमची आहे, मी फक्त ढवळते. कुवेतमधल्या आपल्या घरात स्वयंपाकघराचे मालक इब्राहिम होते आणि आपल्याला तिथे विचारून जावं लागे, असं त्या सांगत.

"डोरा यांनी एक विनंती लिहून ठेवली आहे आणि गावसभेने ती एकमताने मान्य केली आहे. इब्राहिम यांना हा अंक आजवर डोरा यांचे स्नेही म्हणून जात होता. यापुढे तो त्यांना मार्लकोटचे परगावी असलेले रहिवासी म्हणून जाईल. त्यांचं नाव गावाच्या यादीत घेतलं आहे. ते इकडे आले तर कुणीही त्यांना बसस्टॉपवरून घरी आणावं."

एवढंच आहे, चाचा. आता काही राहिलं नाही.